मंडळीच्या अर्पणातून कॉलेजच्या मुलांना स्कॉलरशिप, तुमच्याकडे कसं करतात?

सुगी_नेवासा

जय ख्रिस्त सगळ्यांना. आमची मंडळी नेवासा तालुक्यातली, सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कागदावर नव्वद घरं आहेत पण रविवारच्या उपासनेला साठ-सत्तर माणसं धरा, त्यातली निम्मी शेतमजुरी नाहीतर कारखान्यावर. मार्चपासून खजिनदाराची वही माझ्याकडे आलीय, त्याआधी मी महिला मंडळात होते. एक गोष्ट मनातून जातच नाही म्हणून इथे विचारतेय, जरा लांबेल, वाचून घ्या.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्यातल्या एका मुलीचा बीएस्सी नर्सिंगला नंबर लागला. वडील ट्रॅक्टर चालवतात. हॉस्टेलचं डिपॉझिट अठरा हजार, तीन दिवसांत भरा नाहीतर जागा दुसऱ्याला. शुक्रवारी कळलं, रविवारी कमिटीतल्या एकांनी उपासनेत जाहीर केलं, मुलीला पुढे बोलावलं, तिची परिस्थिती सांगितली आणि थाळी फिरवली. थाळी फिरवणाऱ्यांत मीही होते. अकरा हजार तीनशे चाळीस जमले, त्यात दहा-दहाची नाणी पण होती, म्हाताऱ्या बायांनी कनवटीचे काढून दिले, खरंच मनापासून दिलं लोकांनी. उरलेले बचत गटातून उचलले आणि ॲडमिशन झाली. पण ती पोरगी तेव्हापासून सुट्टीत घरी आली तरी उपासनेला येत नाही. तिची आई म्हणाली, "ताई, ती म्हणती मला बघितलं की लोकांना थाळी आठवती." मी त्या दिवशी तिचा चेहरा बघितला होता, ती पूर्ण वेळ स्वतःच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती, आणि मला वाटलं होतं की लाजतीय.

आता नोव्हेंबरात सुगीचा सण झाला. लोकांनी अर्पण केलेल्या पिकाचा लिलाव चांगला झाला, शेवग्याच्या शेंगांची एक जुडी सातशेला गेली, घेणाऱ्याने ती परत वेदीपुढे ठेवली, परत लिलाव, परत सहाशे. सगळं मिळून एक लाख बारा हजार. मी कमिटीत मांडलं की यातला काही भाग वेगळा ठेवून कॉलेजच्या मुलांसाठी कायमचा फंड करू, म्हणजे जूनमध्ये थाळी फिरवायची वेळच येणार नाही. तर मतं दोन्हीकडे. चर्चची कौलं गळतात, पाळकांचा पगार दोन महिने मागे आहे. हेही खोटं नाही.

तर ज्यांच्या मंडळीत असा फंड चालतो त्यांनी सांगा, पैसे वेगळे कसे ठेवता, मुलं कोण निवडतं, काही अटी घालता का (कमिटीत एकांचं म्हणणं की उपासनेला हजेरी असेल तरच द्यायचे), आणि मुलाने पुढे परत करायचे का. आणि मुख्य म्हणजे त्या मुलीसारखं परत कोणाचं होऊ नये यासाठी काय करता.

जुनी_खजिनदार_पुणे

ताई, मी पुण्यातल्या एका मंडळीत चौदा वर्षं वही सांभाळली, शिक्षण फंड आमच्याकडे त्याआधीपासून आहे, जे चुकत-माकत शिकले ते सांगते.

पहिलं म्हणजे वेगळं खातं. वहीत वेगळं पान नाही, बँकेत वेगळं खातं. पान वेगळं असलं ना की पावसाळ्यात कौलं गळली की त्या पानावर हात जातोच, आमच्याकडे दोनदा गेला, दोन्ही वेळा "पुढच्या महिन्यात परत टाकू" म्हणून. तुमची मंडळी सीएनआयची म्हणजे मालमत्ता आणि ट्रस्टचा कारभार वरून धर्मप्रांताकडे असणार, त्यामुळे खातं उघडायच्या आधी डायसिसच्या ऑफिसला लेखी विचारा, ठराव करा, आणि धर्मादाय आयुक्तांकडे जो ऑडिट जातो त्यात हे खातं दिसलं पाहिजे. कंटाळवाणं काम आहे पण उद्या कोणी बोट दाखवलं तर हाच कागद तुमच्या बाजूने बोलतो.

दुसरं, लिलावाच्या पैशावर फंड उभा करू नका, त्यातून सुरुवात करा. सुगी एका वर्षी एक लाख देते, दुष्काळात चाळीस हजारावर येते, आणि मुलीचं नर्सिंग चार वर्षांचं असतं. पहिल्या वर्षी दिले आणि दुसऱ्या वर्षी "यंदा जमलं नाही" म्हणालात तर ती अर्ध्या वाटेत उभी. म्हणून आम्ही घरोघर शब्द घेतला, महिन्याला पन्नास, शंभर, ज्याला जे झेपेल ते, पण चार वर्षांसाठी. पंडिता रमाबाईंचं काम आठवा ना. १८८७ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला त्यांच्यासाठी असोसिएशन निघाली ती दहा वर्षांची हमी घेऊन, आणि तिकडच्या गावागावात लोकांनी गट करून दरवर्षी थोडी थोडी रक्कम देत राहायचं कबूल केलं, त्या जोरावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांची शाळा उघडली. एका मोठ्या देणगीवर बाईंना शाळा उघडता आली असती कदाचित, पण चालवता आली नसती.

धान्याचंही सांगते. माझी आजी भाकरीचं पीठ घ्यायच्या आधी एक मूठ ज्वारी देवाच्या गाडग्यात टाकायची, महिन्याने ते गाडगं चर्चला जायचं. आम्ही एकदा मिझोरामला गेलो होतो तिकडे हे अजून जोरात चालतं, बुहफाई थाम म्हणतात, भात शिजवायच्या आधी प्रत्येक वेळी एक मूठ तांदूळ बाजूला, १९१० पासून. बायका घरोघरी जाऊन गोळा करतात, विकतात, आणि त्या मुठीवर मिशनचं केवढं काम उभं आहे. ज्या घरात रोकड नाही त्या घरालाही देता आलं पाहिजे हे त्यातलं मला फार आवडतं. तुमच्याकडे शेतमजूर जास्त आहेत म्हणता, महिला मंडळाला विचारून बघा.

निवडीबद्दल. आमची तीन माणसं असतात, त्यात एक शाळेतली किंवा कॉलेजातली शिक्षिका, एक महिला मंडळातली, आणि पाळक मुद्दाम नाहीत. पाळकांना सगळ्या घरात जायचं असतं, "माझ्या पोराला नाही दिलं" हे त्यांच्या डोक्यावर नको. अर्ज एक पानाचा. पैसे मुलाच्या हातात नाही, बापाच्या हातात तर नाहीच, थेट कॉलेजच्या किंवा हॉस्टेलच्या खात्यावर. आणि हजेरीची अट घालू नका ताई. शिक्षणाच्या पैशाने उपासना विकत घेतल्यासारखं होतं ते, आणि पोरांना ते बरोबर कळतं.

कौलं_आधी

मी वेगळं बोलणार आहे, रागावू नका. आमच्या गावातली मंडळी पंचवीस वर्षांत निम्मी झाली. शिकलेली पोरं पुण्याला गेली, पिंपरीला गेली, तिकडच्या चर्चला जातात, तिकडे दशांश (कमाईचा दहावा भाग) देतात. इथे राहिली म्हातारी माणसं आणि गळकं छप्पर. आमचे पाळक बत्तीस किलोमीटरवरून मोटरसायकलवर येतात, तीन मंडळ्या सांभाळतात आणि त्यांचा पगार थकलेला. त्यांची स्वतःची मुलगी बारावीला आहे, तिच्यासाठी कोण थाळी फिरवणार? मला वाटतं आधी पगार, मग छप्पर, मग फंड. शिक्षण नको असं अजिबात म्हणत नाही, माझे वडील मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकले म्हणून मी आज हे टाईप करतोय. पण त्या बोर्डिंगला पैसा बाहेरून यायचा, तो आटला. आता जे काय ते आपल्याच खिशातून, तर क्रम लावायला नको का.

वसईची_वाडी

आमच्याकडे वसईत कॅथलिकांत हे काम बऱ्याच पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी करते, मी आमच्या पॅरिशच्या कॉन्फरन्समध्ये नऊ वर्षं आहे (स्थानिक गटाला आम्ही कॉन्फरन्स म्हणतो). सुरुवात १८३३ मध्ये पॅरिसला झाली, आणि सुरू करणारा फ्रेडरिक ओझनाम स्वतः तेव्हा वीस वर्षांचा कॉलेजचा विद्यार्थी होता. ही गोष्ट मी आमच्या युवकांना नेहमी सांगतो.

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं. आमची पद्धत अशी की कोणाला काय दिलं ते पॅरिशला कळत नाही. अल्तारवरून नाव नाही, बोर्डावर नाव नाही, मासिकात फोटो नाही. दोघं दोघं जण त्या घरी जातात, एकटं कोणी जायचं नाही. बसायचं, चहा घ्यायचा, आधी घराचं ऐकायचं. बऱ्याचदा फी हा प्रश्नच नसतो, बसचा पास असतो, किंवा धाकट्याला बघायला कोणी नाही म्हणून मोठीचं कॉलेज सुटायला आलेलं असतं, आणि हे अर्जात कोणी लिहीत नाही. मीटिंग संपली की पिशवी फिरते, प्रत्येकजण मूठ बंद करून हात आत घालतो, कोणी किती टाकले ते शेजारच्यालाही कळत नाही आणि ज्याच्याकडे त्या दिवशी काही नाही त्यालाही कळू न देता हात घालून काढता येतो.

मागच्या जूनमध्ये आम्ही एका घरी गेलो, मुलगा बीकॉमला जाणार होता, बाबा आजारी. टेबलावर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये त्याने दहावीपासूनच्या सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावून ठेवल्या होत्या, आम्ही काही मागितलं पण नव्हतं. म्हणाला, "तुम्हाला खोटं वाटू नये म्हणून." अठरा वर्षांचं पोर. माझ्याबरोबरचे काका ते फोल्डर न उघडताच परत त्याच्या हातात देऊन म्हणाले, "आम्ही तपासायला नाही आलो बाळा, कधी भरायचे तेवढं सांग." त्या पोराचे खांदे कसे खाली आले ते मला अजून दिसतं.

डिप्लोमा_९८

मी त्या मुलीच्या जागी होतो म्हणून लिहितोय. १९९८, पॉलिटेक्निकला मेकॅनिकल, जिल्ह्याचं नाव सांगत नाही. मंडळीने माझी दोन वर्षांची फी भरली, साडेचार हजार आणि मग पाच हजार. त्यावर माझं सगळं आयुष्य उभं आहे, आज चाकणला चांगल्या नोकरीवर आहे, दोन मुलं शिकतायत. उपकार विसरलेलो नाही. पण पहिल्या वर्षी माझा एक विषय राहिला तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर एका गृहस्थांनी चारचौघांत विचारलं, "आमचे पैसे पाण्यात घातलेस का रे?" त्यांनी कदाचित काळजीने विचारलं असेल, मला आता त्यांच्याबद्दल काही नाही, ते गेलेही. पण मी नंतर सहा वर्षं त्या पायऱ्या चढलो नाही. आईला सांगायचो अभ्यास आहे.

परत कसा आलो तर एका बाईंमुळे, त्या शब्बाथ शाळेत शिकवायच्या. दर सेमिस्टरला त्यांचं आंतरदेशीय पत्र यायचं, त्यात मार्कांचा एक शब्द नसायचा, मेसचं जेवण कसं आहे, स्वेटर आहे का, असलंच. पहिला पगार झाल्यावर त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं पैसे कोणाला परत करू. त्या म्हणाल्या मला माहीत नाही तू कोणाकोणाचे घेतलेस, मलाही आठवत नाही, पुढच्या पोराला दे. तेव्हापासून दरवर्षी एक जूनला एका मुलाची फी भरतो, कोणाची ते मला कळू नये असं सांगून ठेवलंय.

म्हणून ताई, परत करायची लेखी अट नको. ज्याला द्यायचंय तो देतोच, आणि ज्याला जमत नाही त्याच्या डोक्यावर कर्ज म्हणून ते बसतं आणि तो मंडळीपासून लांब जातो. आणि नापास झालं तर एक वर्ष थांबा, तोडू नका.

कौलं_आधी भाऊ, तुमचं दुःख कळतं. पण मी गावात राहत नसलो तरी गावच्या चर्चचं कुंपण गेल्या वर्षी आम्ही पुण्यातल्या पाच जणांनी केलं, पाचही जण त्याच फंडातून शिकलेले. पोरं गेली म्हणजे तुटली असं नाही, त्यांना कोणी हाक मारली पाहिजे.

फॉर्म_भरणारा_दादा

मी सीएससी केंद्र (सरकारी ऑनलाइन सेवांचं) चालवतो, स्कॉलरशिपचे फॉर्म भरणं हेच काम, त्यामुळे वेगळ्या बाजूने सांगतो. मंडळीचा फंड खर्च करायच्या आधी सरकारी पैसा पूर्ण काढून घ्या, बरीच पोरं फक्त माहिती नाही म्हणून सोडून देतात.

आपल्यातले बरेच जण मूळ अनुसूचित जातीतले. १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे ख्रिस्ती झालं की एससीची सवलत जाते, पुढे १९५६ मध्ये शीखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, आपल्याला नाही. पण महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत धरतात. तो जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला), व्हॅलिडिटी (जातीच्या दाखल्याची पडताळणी), हे सगळं अकरावीपासून काढायला घ्या, ॲडमिशनच्या आठवड्यात ते होत नाही. दाखला हातात असेल तर जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर मिळत नाही. ताईंच्या त्या मुलीचं हे बघितलंय का कोणी? नसेल तर आधी बघा. शिवाय महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अल्पसंख्याकांची वेगळी योजना आहे, एकाच वर्षी दोन्ही घेता येत नाहीत, जी जास्त आहे ती घ्या.

पण यात खरी मेख कुठे आहे सांगतो. सरकारी पैसा येतो तो वर्ष संपता संपता, कधी पुढच्या वर्षी. आणि हॉस्टेल डिपॉझिट, मेस, युनिफॉर्म, पुस्तकं हे त्यात नसतंच. पोराची जागा जाते ती जुलैमधल्या त्या तीन-चार दिवसांत. म्हणजे मंडळीने खरं तर तेवढा पूल बांधायचाय. पन्नास हजाराचा फंड असेल आणि तो जुलैमध्ये तयार असेल तर चार-पाच पोरं निघतात, तोच फंड डिसेंबरात दिला तर सत्काराला उपयोगी.

न्यूजर्सी_नगरवाली

मी मूळची नगरची, हे सगळं वाचून डोळे भरून आले. मला दरवर्षी पाचशे डॉलर द्यायचेत, ताई तुमच्या चर्चच्या खात्यावर पाठवू का? माझा पासपोर्ट आता अमेरिकन आहे, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड) आहे.

फॉर्म_भरणारा_दादा

ताई, थेट नका पाठवू, मंडळी अडचणीत येईल. परदेशी नागरिकाने, ओसीआय असलं तरी, दिलेला पैसा एफसीआरएत, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, येतो. त्यासाठी संस्थेचं रजिस्ट्रेशन लागतं आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतो, तिथून दुसऱ्या संस्थेला वळवता पण येत नाही. तुमच्या भावाकडे किंवा नवऱ्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेने पाठवलेलं त्यात धरत नाहीत. आणि इथल्या देणाऱ्यांनीही ८०जी ची (आयकरात सूट मिळवून देणारी) पावती मागू नका, एका धर्माच्या लोकांसाठी असलेल्या ट्रस्टला साधारणपणे ती मिळत नाही.

सुगी_नेवासा

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, परवा कमिटी होती म्हणून थांबले होते.

कौलं_आधी भाऊ, तुमचं म्हणणं मी कमिटीत जसंच्या तसं वाचून दाखवलं, आणि पाळकांच्या मुलीबद्दल तुम्ही लिहिलंत तिथे सगळे गप्प झाले, कारण आमच्याही पाळकांचा मुलगा यंदा बारावीला आहे आणि हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तर लिलावातून आधी थकलेला पगार दिला, तो परवाच दिला. कौलांसाठी वेगळी वर्गणी, वाड्यावरच्या तीन जणांनी हात लावायचं कबूल केलंय, मजुरी वाचेल. आणि तीस हजार शिक्षणाचे म्हणून बाजूला, डायसिसला पत्र गेलंय, उत्तर आलं की खातं. बावीस घरांनी महिन्याचा शब्द दिला, सगळ्यात कमी वीस रुपये आणि ते देणाऱ्या आजींनी मला दोनदा विचारलं की लिहिलंस ना. हजेरीची अट निघाली, थोडी ओढाताण झाली पण निघाली. महिला मंडळाने गाडगी नाही पण स्टीलचे डबे ठरवलेत, ज्वारी-बाजरी काहीही चालेल.

दादा, त्या मुलीचं विचारलंत ना. जातीचा दाखला काढलाय पण व्हॅलिडिटी नाही, म्हणून फी माफीचा फॉर्मच भरला नव्हता. कागद सगळे तिच्या आईकडे पिशवीत आहेत. मी तुम्हाला मेसेज करते, कुठला कागद कमी पडतोय ते सांगा.

आणि ती शनिवारी सुट्टीला घरी येतेय. वसईच्या भाऊंनी लिहिलंय तसं दोघी जाणार आहोत, मी आणि आमच्या शब्बाथ शाळेच्या बाई. पैशाचं काही बोलणार नाही, त्या थाळीबद्दल माफी तेवढी मागायचीय. बाई म्हणाल्या शेंगदाण्याचे लाडू करून नेऊ, हॉस्टेलला टिकतात.